वैद्यापर्यंत न पोंचलेली वार्ता

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त ही स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हां चालक-मंडळानें आमच्याकडे अशी मागणी केली कीं, येथील पूर्वेतिहासांतील एखादें प्रकरण आम्हीं लिहून द्यावें. देऊळ केव्हां बांधलें, घंटा कोठून आली, वेदीचा खर्च कोणीं सोसला, हें सर्व इतर लेखकांनीं या पुस्तिकेंत सविस्तर दिलेंच आहे. त्याची पुनरुक्ति करण्यांत हंशील नाहीं. तथापि त्या निमित्तानें आम्ही जुन्या नोंदवह्या चाळूं लागलों आणि मृतांच्या नोंदवहींतील कांहीं पानांपाशीं अडून राहिलों. हीं पानें इ. स. १८९७ सालचीं आहेत. एरव्हीं महिन्याकाठीं थोडकीं नांवें असावयाचीं. या पानांवर मात्र नांवामागून नांव आहे, आणि कोठें कोठें एकाच घरचीं तीन नांवें एकाखालीं एक आहेत. मरणाच्या कारणाच्या रकान्यांत त्या वेळच्या धर्मगुरूंनीं पोर्तुगीज भाषेंत सर्वत्र एकच शब्द लिहिला आहे: ज्वर. प्लेगाचें नांव आम्हांस एकाहि ओळींत आढळलें नाहीं.

आणि गांवच्या वेशीवरचा क्रूस? तो प्लेगाच्या वर्षीं उभारला, हें येथील लहान मूलहि सांगेल. मे महिन्यांत त्याच्यापुढें लादीन होतें, संत सेबॅस्तियनचें नांव घेतलें जातें. मुंबईंत गिरगांव, माझगांव व वांद्रें येथील जुन्या वस्त्यांतूनहि असे प्लेगाचे क्रूस आज उभे आहेत. मग जी गोष्ट लोकांनीं चव्हाट्यावर दगडांत उभी केली, ती वहींत कां उतरली नाहीं? या प्रश्नाचा माग काढतां काढतां आम्ही मुंबईच्या प्लेगाच्या इतिहासांत शिरलों. तेथें जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवितों.

इ. स. १८९४ मध्यें हाँगकाँग येथें गांठीच्या तापाची मोठी सांथ आली. पाश्चर-संस्थेचे येर्सिन व जपानचे किटासाटो या उभयतांनीं तेथेंच त्या रोगाच्या जंतूचा शोध लाविला. येर्सिन यांस मेलेल्या उंदरांतहि तो जंतु दिसला. म्हणजे मुंबईंत रोग प्रगट होण्यापूर्वीं दोन वर्षें त्याचें मूळ जगांतील विद्वानांस ठाऊक झालें होतें. परंतु विद्वानांस ठाऊक असणें निराळें, आणि मांडवीच्या बोळांतून जिने चढणाऱ्या डॉक्टरास ठाऊक असणें निराळें. मुंबई व चीन यांमध्यें आगबोटी चालत होत्या, तारायंत्र होतें. मालाच्या भावाची बातमी एका दिवसांत येई. रोगाची खूण काय, तो आढळल्यास कोणास कळवावें, हें मात्र शहरांतील डॉक्टरांस कोणीं सांगून ठेविलें नव्हतें.

१८९६ च्या पावसाळ्यांत मांडवींत, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींतून, उंदीर मरून पडूं लागले. लोकांनीं ते उकिरड्यावर टाकिले. त्याच सुमारास माणसांस कडक ताप येई, जांघेंत किंवा काखेंत गांठ उठे आणि थोड्याच दिवसांत मनुष्य दगावे. असे रोगी निरनिराळ्या डॉक्टरांच्या हाताखालून गेले. पण एकानें काय पाहिलें तें दुसऱ्यास कळण्याची सोय नव्हती. ज्यानें त्यानें आपल्यापुरता हा कांहीं चमत्कारिक ताप आहे असें समजून औषध द्यावें, आणि रोगी गेल्यावर पुढच्या घरीं जावें, असें चाललें होतें.

त्या मांडवींतच डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा दवाखाना होता. हे गोव्यांतील हडफडें गांवचे, जन्म १८५६ सालचा, शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतलें, धर्मानें आपल्यापैकींच. रोग्याची गांठ व ज्वर पाहून त्यांनीं ताडलें कीं, हा प्लेगच होय. २३ सप्टेंबर १८९६ या दिवशीं त्यांनीं ही गोष्ट नगरपालिकेच्या स्थायी समितींत उघडपणें सांगितली. ते स्वतः त्या समितीचे सभासद होते. हा मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. रोगी तपासणारा हात आणि समितींत बोलणारें तोंड हीं एकाच माणसाचीं होतीं, म्हणून ती वार्ता त्या दिवशीं योग्य ठिकाणीं पोंचली. ज्याला समितींत जागा नव्हती अशा एखाद्या गरीब डॉक्टरास तीच खूण पटली असती, तर त्यानें कोणाचें दार ठोठावलें असतें? यास ईश्वरी योजना म्हणावें कीं व्यवस्थेचें उणेंपण म्हणावें, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

त्यांचें म्हणणें लागलीच सर्वांस पटलें असें नाहीं. प्लेग हा शब्द उच्चारावयास अधिकारी नाखूष होते, आणि त्याचें कारण उघड आहे: मुंबईचा कापूस परदेशीं जात असे, आणि बंदरांत प्लेग आहे असें एकदां जाहीर झालें कीं युरोपांतील बंदरें मुंबईच्या जहाजांस अटकाव करणार. म्हणून 'संशयित ताप' अशी गुळमुळीत भाषा कांहीं दिवस चालली. पुढें हाफकीन या जंतुशास्त्रज्ञास कलकत्त्याहून मुंबईस पाठविण्यांत आलें आणि सूक्ष्मदर्शकाखालीं तोच जंतु दिसल्यावर शंकेस जागा उरली नाहीं. याच हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा खोलींत प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. व्हिएगस यांनीं पुढें आपल्या हातानें सुमारें १८,००० माणसांस लस टोंचली असें सांगतात.

आतां दुसरी बाजू पाहूं. वैद्याकडे वार्ता दोन दिशांनीं यावी लागते. एक वरून, म्हणजे ज्यांस शास्त्र ठाऊक आहे त्यांच्याकडून. दुसरी खालून, म्हणजे ज्याच्या घरीं रोगी पडला आहे त्याच्याकडून. पहिली दिशा उशिरां कां होईना उघडली. परंतु त्याच वेळीं दुसरी बंद पडली. ६ ऑक्टोबर १८९६ रोजीं नगरपालिकेनें जाहीरनामा काढून रोग्यास सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार आपल्या हातीं घेतला. त्या काळीं इस्पितळ म्हणजे लोकांस मरणाचें दार वाटे. जात, सोवळें, पडदा, शेवटच्या वेळीं आपल्या माणसांचें जवळ असणें, या सर्वांवर एकदम घाव पडला. २९ ऑक्टोबरला सुमारें हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तेव्हां अधिकाऱ्यांस सक्ती सैल करावी लागली. परंतु १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला, मार्चमध्यें ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या हाताखालीं प्लेग-समिति नेमली गेली, आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. पुण्यास काय घडलें, रँडसाहेबांचा अंत कसा झाला, हें सर्वश्रुतच आहे.

याचा परिणाम असा झाला कीं, लोकांनीं रोगी लपविले. कोणीं पोटमाळ्यावर ठेविला, कोणीं रातोरात गांवीं नेला. शहराची सुमारें निम्मी वस्ती घरेंदारें टाकून बाहेर पडली आणि रोगहि तिच्याबरोबर आगगाडीनें बाहेर पडला. मेल्यावरहि प्लेगाचें नांव टाळण्यांत येई. क्षय झाला होता, साधा ताप होता, असें सांगितलें जाई. त्या काळच्या अधिकाऱ्यांच्याच ध्यानांत आलें होतें कीं, प्लेगाच्या सदराखालीं जेवढे मृत्यु नोंदले गेले त्यांपेक्षां शहरांतील एकंदर मृत्यु कितीतरी अधिक वाढलेले होते. असा आंकडा हातीं घेऊन आरोग्य-खात्यानें कोणत्या मोहल्ल्यांत धांवावें? आणि अशा घरीं बोलाविलेल्या डॉक्टरानें आपला बचाव तरी कसा करावा?

आमच्या नोंदवहींतील 'ज्वर' या शब्दाचा उलगडा आम्ही असाच करितों. प्लेग असें लिहिलें कीं बातमी बाहेर जाणार. मग शिपाई येणार, कौलें उतरवून घरांत ऊन पाडणार, अंथरूण-पांघरूण जाळणार, घरच्या जिवंत माणसांस छावणींत नेणार. ज्या धर्मगुरूंनीं रात्रीं-अपरात्रीं त्या घरीं जाऊन रोग्यास पवित्र तेल लाविलें, त्यांनींच दुसऱ्या दिवशीं तो शब्द लिहिला. त्यांचें अक्षर शेवटपर्यंत स्थिर आहे. आम्हीं त्यांना भित्रे म्हणावें असें कांहीं त्यांच्या वागण्यांत नाहीं. तरीपण त्या शब्दावर विसंबून गांवच्या वैद्यानें, सुईणीनें, प्रेतास स्नान घालणाऱ्या बायांनीं काय समजावें? धर्मगुरूंनीं दया केली, यांत संशय नाहीं. पण त्या दयेचें मोल कोणीं दिलें, हें वहींत लिहिलेलें नाहीं.

असो. वरून येणाऱ्या वार्तेचीहि कहाणी कमी शोचनीय नाहीं. जंतु कळला, पण तो उंदरापासून माणसांत शिरतो कसा, हें कळलें नव्हतें. म्हणून डॉक्टरांस सांगितलें गेलें कीं, रोग घाणींतून येतो, हवेंतून येतो, जमिनींतून येतो. गटारांतून फिनेल व समुद्राचें पाणी ओतण्यांत आलें. त्याचा एक परिणाम असा कीं, गटारांतले उंदीर घरांत चढले असावेत, असें आजचे अभ्यासक म्हणतात. १८९८ च्या जूनमध्यें कराची येथें पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरानें एका कांचेच्या बरणींत पिसवांनीं भरलेला प्लेगाचा उंदीर ठेविला आणि त्याच्या वर जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर टांगला. दोहोंचा स्पर्श झाला नाहीं. खालचा मेला, कांहीं दिवसांनीं वरचाहि प्लेगानेंच मेला. मध्यें जाऊं शकेल असा एकच प्राणी होता, तो म्हणजे पिसू. सिमोंद यांनीं हें त्याच वर्षीं पाश्चर-संस्थेच्या मासिकांत छापिलें. म्हणजे गोष्ट गुप्त राहिली नव्हती. तरी सरकारनें नेमलेल्या प्लेग-कमिशननें ती विचारांत घेण्याजोगी मानिली नाहीं, आणि १९०५ सालीं दुसरें मंडळ नेमलें जाऊन त्यांतील लिस्टन प्रभृति संशोधकांनीं परळच्या प्रयोगशाळेंत तेच प्रयोग निर्णायकपणें करून दाखवीपर्यंत सात-आठ वर्षें निघून गेलीं. त्या अवधींत शुश्रूषा करणारे डॉक्टर, परिचारिका, धर्मभगिनी रोग्याच्या श्वासास भीत होते आणि त्याच्या गोधडीस भीत नव्हते. वास्तविक धोका बहुधा गोधडींत होता. पुण्याजवळ प्लेगाच्या रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाई फुले यांनीं १० मार्च १८९७ रोजीं देह ठेविला. त्यांच्यासारखीं किती माणसें, निव्वळ न सांगितल्यामुळें गेलीं, याची मोजदाद कोण करणार? या रोगानें हिंदुस्थानांत पुढील कांहीं दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले.

हाफकीन यांच्याच बाबतींत वार्तेच्या दिरंगाईचा आणखी एक प्रकार घडला. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं लस टोंचलेल्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. सर्वांस एकाच बाटलींतील लस दिली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेचा धरून हाफकीन यांस कामावरून दूर करण्यांत आलें. ती बाटली उघडतांना गांवांतच चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करितां वापरला गेला, हें चौकशींत निघालें. पण लोकांपुढें व वैद्यकवर्गापुढें खरी हकीकत येऊन १९०७ मध्यें त्यांच्यावरील किटाळ दूर होईपर्यंत लसीवरचा लोकांचा विश्वास ढळून गेला होता. गांवोगांव लस टोंचणाऱ्या डॉक्टरास लोक विचारीत, तेव्हां त्याच्याजवळ उत्तर नव्हतें.

१९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाविषयीं थोडक्यांत सांगतों. जूनमध्यें मुंबईच्या गोदींतील कांहीं पोलिस-शिपाई प्रथम आजारी पडले. सप्टेंबर-ऑक्टोबरांत दुसरी लाट आली ती भयंकर होती. पुष्कळ डॉक्टर महायुद्धावर गेलेले. जे उरले त्यांस जगांतील मोठमोठे पंडित सांगत होते कीं, हा रोग अमुक जंतूपासून होतो. तें चूक होतें. खरें कारण, म्हणजे त्या रोगाचा विषाणु, मनुष्यापासून वेगळा काढण्यांत आला तो १९३३ सालीं. त्या चुकीबद्दल कोणास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं; न कळणें हा अपराध नव्हे.

याउलट वार्ता वेळेवर पोंचली तर काय होतें, याचें उदाहरण आमच्याच हयातींतलें आहे. इटलीच्या कास्तेलप्लानियो गांवचे डॉ. कार्लो उर्बानी हे व्हिएगस यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९५६ सालीं, जन्मले. तेहि कॅथलिक, तीन मुलांचे पिते, आपल्या धर्मग्रामांत वावरणारे. २००३ सालीं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीनें व्हिएतनामांत होते. फेब्रुवारीच्या अखेरीस हनोईच्या एका इस्पितळानें त्यांस बोलाविलें: एका प्रवाशास विचित्र न्युमोनिया झाला होता आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका एकामागून एक पडत होत्या. उर्बानी रोज तेथें गेले, नमुने घेतले, टिपणें लिहिलीं, वरिष्ठांस कळविलें. इस्पितळांतील लोकांस मुखवटे कसे घालावे, कोणास निराळें ठेवावें, हें शिकविलें. ९ मार्चला त्यांनीं तेथील सरकारशीं कित्येक तास बोलून त्यांचें मन वळविलें. १२ मार्चला सर्व जगास इशारा देण्यांत आला. त्याच्या आदल्या दिवशीं ते बँकॉकच्या विमानतळावर उतरले तेव्हां त्यांस ताप होता. घ्यावयास आलेल्या सहकाऱ्यास त्यांनीं जवळ येऊं दिलें नाहीं. रुग्णवाहिका येईपर्यंत दोघे अंतर राखून बसून राहिले. २९ मार्च रोजीं उर्बानी वारले. सार्स या नांवानें ओळखल्या गेलेल्या त्या रोगानें जगांत सुमारें ८,००० माणसें आजारी पडलीं व पावणेआठशेंच्या आसपास मेलीं. आणि एप्रिलच्या अखेरीस व्हिएतनाम हा तो रोग आवरणारा पहिला देश ठरला.

२०२० सालाविषयीं आम्ही काय लिहावें? तें सर्वांनीं पाहिलें आहे. त्या मार्चमध्यें महाराष्ट्रानें जो कायदा पुकारला तो १८९७ चाच. मुंबईंतील पहिले रोगी जेथें ठेविले तें कस्तुरबा रुग्णालय म्हणजे आर्थर रोडचें तेंच जुनें इस्पितळ. आमच्या धर्मग्रामांतील कन्या व सुना अनेक रुग्णालयांत परिचारिका आहेत. त्यांतील एक आम्हांस म्हणाली, "फादर, सकाळीं एक परिपत्रक येतें, संध्याकाळीं दुसरें, आणि त्याच्याआधीं मोबाइलवर दहा खोटे निरोप येतात. आम्ही कोणता खरा मानावा?" शास्त्र बदलत होतें, तेव्हां सूचना बदलणें प्राप्तच होतें. कोविडमुक्त रोग्याच्या रक्तद्रवाचा उपचार २०२० मध्यें आशेनें सुरू झाला आणि मे २०२१ मध्यें उपयोग दिसत नाहीं म्हणून राष्ट्रीय उपचारसूचींतून काढला गेला. काल सांगितलेलें आज चुकीचें ठरलें, हें स्पष्टपणें सांगण्याचेंहि धैर्य लागतें. त्या मुलीची तक्रार एवढीच होती कीं, सूचना बदलली हें कळे, पण कां बदलली तें कोणी सांगत नसे.

२०२१ च्या वसंतांतली एक गोष्ट सांगून लेखणी खालीं ठेवितों. त्यांत कोणाचें नांव आम्ही घेत नाहीं. आमच्याच एका घरीं वडील मनुष्य आजारी पडले. गांवच्या डॉक्टरांस घरच्यांनीं सांगितलें, साधा ताप आहे, पावसांत भिजल्यासारखा. चांचणी झाली होती हें सांगितलें नाहीं. डॉक्टर तीन दिवस त्यांच्या उशाशीं बसून आले. वडील गेले, आणि डॉक्टर एक महिना प्राणवायूवर होते, प्रभुकृपेनें वांचले. दफनानंतर थोरला मुलगा आमच्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "फादर, वहींत न्युमोनिया लिहा. लोक आमच्या घरीं पाणी प्यावयास येणार नाहींत." दाखल्यावर कोविड होतें. आम्ही लेखणी हातांत धरून बराच वेळ बसलों होतों. समोर जी वही होती तिच्या मागें कपाटांत १८९७ ची वही होती, हें आम्हांस त्या वेळीं ठाऊकहि नव्हतें. आम्हीं कोविड असेंच लिहिलें. मुलगा उठून गेला, आणि त्यानंतर सुमारें दोन वर्षें तो देवळांत दिसला नाहीं. पुढें एका नाताळांत, मध्यरात्रीच्या मिस्साला, तो मागच्या बांकावर बसलेला आम्हीं पाहिला. त्याच्या शेजारीं तेच डॉक्टर होते.